सील फोडलेला डबा

“त्या पुलावरच्या बाईच्या अंगावर दूध आहे. डबा देऊ नकोस तिला, दुसरं काही दे,” असं सासूबाई म्हणाल्या तेव्हा ती चिमट्याने उकळत्या पाण्यातून बाटली बाहेर काढत होती.

“कशावरून?”

“छातीपाशी कपडा ओला होता तिचा. चार वाढवलीत मी, मला कळतं.”

बाटली फडक्यावर पालथी घालताना चिमटा निसटला आणि गरम पाणी तिच्या मनगटावर उडालं. तिने हात झटकलासुद्धा नाही. मुलगी दीड महिन्याची असताना तिचं दूध आटलं होतं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, शेजारणींचे सल्ले झाले. शेवटी ओट्यावर पावडरच्या दुधाचा डबा आणि बाटल्या आल्या. तेव्हापासून या विषयावरचं प्रत्येक वाक्य तिला टोमण्यासारखं लागायचं. पुलाच्या पायऱ्यांवर भीक मागणाऱ्या बाईला दूध आहे आणि तुला नाही, एवढंच तिला ऐकू आलं.

“तुमच्या वेळचं वेगळं होतं, आई,” ती म्हणाली आणि गॅस बंद केला.

रविवारी सासूबाई आपल्या घरी परत गेल्या. तो विषय तिथेच राहिला.

पुलाच्या पायऱ्या औषधाच्या दुकानासमोर उतरत होत्या. ती बाई तिसऱ्या पायरीवर बसायची, मूल मांडीत, पाय दुमडून, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट ठेवून. हात पसरायची नाही. “पैसे नकोत ताई, बाळाला दुधाचा डबा घेऊन द्या,” एवढंच म्हणायची. पैसे नकोत म्हणणारा भिकारी तिने पाहिला नव्हता, आणि तिथेच तिचं मन विरघळलं. बाईचा मुलगा तिच्या मुलीहून महिनाभराने लहान असेल. पहिला डबा हातात दिला तेव्हा बाईने तिच्या मुलीच्या तळपायाला एक बोट लावलं होतं आणि ते बोट आपल्या कपाळाला टेकवलं होतं. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी ती चहा खाली बसून प्यायली.

औषधवाल्याने तेव्हाच मान हलवली होती. “तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला मी काय सांगणार? पण दान सत्पात्री करावं म्हणतात ते उगाच नाही, ताई.”

दुसरा डबा घेतला तेव्हा मुलीला दात येत होते. रांगेत उभं असताना तिने खोक्याचा कोपरा तोंडात घालून चघळला होता. तो ओला कोपरा ओढणीने पुसून तिने खोकं बाईला दिलं. दोन दिवसांनी ती घरासाठी डबा घ्यायला गेली, तर औषधवाल्याने फळीवरून जे खोकं काढून पुढे ठेवलं त्याचा कोपरा वाळून वाकडा झाला होता. वर दोन बारीक दातांचे खड्डे.

तिने ते हातात फिरवून पाहिलं.

“हा डबा मी परवा घेतलाय, काका.”

औषधवाल्याने चष्मा कपाळावर चढवला. लाजला वगैरे नाही. “मग? सीलबंद आहे. तारीख बघून घ्या.”

“तुम्ही तिच्याकडून परत घेता?”

“मी नाही घेतला तर पलीकडचा घेतो. आणि देऊ नका म्हणून सांगितलं कोणी होतं? मीच ना? पण तुमचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.” तो हसला. “पुण्य तुम्ही घ्यायचं आणि पाप आम्ही, असा हिशेब नका करू.”

घरी नवऱ्याला सांगितलं तर त्यालाही हसू आलं. “म्हणजे एकच डबा दोनदा विकत घेतलास. हुशार आहे हां बाई.”

तिला हसता आलं नाही. तिला फसवलं गेल्याचा राग होताच. पण त्याहून जास्त राग त्या मुलाच्या वतीने होता. तोंडाशी आलेलं दूध त्याची आईच विकत होती. देणं बंद करावं असं दोन दिवस तिने ठरवलं, आणि दोन्ही दिवस आपल्या मुलीला पाजताना तिला ते दुसरं तोंड दिसत राहिलं. आई कशीही असो, मुलाचा काय दोष?

तिसऱ्या दिवशी तिला उपाय सुचला. तिने डबा घेतला, तिथेच गल्ल्यावर कात्री मागितली, झाकण उघडून आतला चकचकीत कागद कडेकडेने कापला आणि तो पूर्ण काढून चोळामोळा केला.

“आता घ्या परत,” ती म्हणाली.

“वा! याला म्हणतात शिक्षण!” औषधवाल्याने रांगेकडे बघून दाद मागितली. रांगेतल्या दोघांनी माना डोलावल्या. तिला बरं वाटलं.

बाईने झाकण उचललं आणि बराच वेळ आत बघत राहिली.

“उघडा कशाला केलात, ताई?”

“बाळासाठीच हवाय ना?”

“हो.” बाईने झाकण दाबून बसवलं. “बाळासाठीच.”

“मग झालं तर. पाणी उकळून गार केलेलं घ्यायचं. एक माप पावडर, एवढं पाणी.” तिने बोटांनी अंतर दाखवलं. “आणि प्यायल्यावर उरलं तर ठेवायचं नाही, फेकून द्यायचं.”

“फेकायचं?” बाई म्हणाली.

त्यानंतर महिनाभर बाईने काही मागितलं नाही. येता-जाता ती बघायची. डबा बाईच्या बाजूला असायचा, फडक्यात गुंडाळलेला. आपल्या घरी सहा दिवसांत संपणारा डबा बाईला महिनाभर पुरला कसा, हा प्रश्न तिला पडला नाही. तो विकला गेला नाही, एवढंच तिने पाहिलं. कॉलेजमधल्या मैत्रिणीला तिने फोनवर सगळी युक्ती रंगवून सांगितली, आणि पुढचा डबाही तसाच फोडून दिला.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी, भर दुपारी, ती मुलीला पोटाशी बांधून दुकानाकडे वळली तर समोर माणसं जमलेली. औषधवाला गल्ल्याबाहेर आला होता. त्याने बाईचं मनगट धरलं होतं. बाईच्या दुसऱ्या हातात मूल होतं, खांद्यावर टाकलेलं, फडक्याने झाकलेलं.

“आलात? बघा तुमची लाडकी!” औषधवाला म्हणाला. “मुठीत काय आहे बघा!”

त्याने बाईची बोटं एकेक करून उलगडली. तळहातावर बाटलीचं निपल होतं, रबरी, प्लॅस्टिकच्या छोट्या पाकिटातलं.

“चोरून चोरलं काय, तर निपल!” कोणीतरी म्हणालं, आणि दोघं-तिघं हसले.

“अहो, आज निपल, उद्या गल्ला. हात सोकावतो तो असा,” औषधवाला म्हणाला. “यांना द्यायचं म्हणजे सापाला दूध पाजायचं.”

तिची नजर निपलवरून हलेना. गेले सहा महिने तिच्या ओट्यावर तशी पाच निपलं रोज उकळत होती. ते कशाला लागतं आणि कोणाला लागत नाही, हे तिथल्या कोणाहीपेक्षा तिला नीट ठाऊक होतं.

“सोडा तिचा हात, काका. मी देते त्याचे पैसे.” मग तिने बाईला विचारलं, “बाटली आहे तुझ्याकडे?”

हात सुटल्यावर बाईने पिशवीतून बाटली काढली. पाण्याची साधी बाटली, झाकणाला तापवलेल्या खिळ्याने पाडलेलं भोक. आत पांढुरकं पाणी होतं. बाटलीच्या मागची बाईची बोटं त्यातून स्वच्छ दिसत होती.

“झाकणानं ओठ कापतो त्याचा,” बाई म्हणाली.

“इतकं पातळ?”

“पुरवावं लागतं.”

“मग अंगावर का नाही पाजत?” हे विचारताना तिचा आवाज खाली गेला. हाच प्रश्न तिला आजवर किती जणींनी विचारला होता.

“पाजत होते की. तुम्ही बंद डबा द्यायचात तेव्हा पाजतच होते.” बाईच्या आवाजात तक्रार नव्हती. “डबा यांना दिला की आठ-दहा दिवस माझं दोन वेळचं भागायचं. मी जेवले की त्याला यायचं. मग तुम्ही फोडून द्यायला लागलात, ते कोणी घेईना. टाकवेना पण. म्हटलं, एवढी शिकलेली बाई समजावून देतेय, आपल्यापेक्षा चांगलंच असणार. पाजलं. तो ते प्यायला लागला, आणि माझ्या पोटात काही नाही.” तिने मोकळा हात छातीवरून खाली फिरवला. कपडा कोरडा होता. “आता येतच नाही.”

हसणारे कधी पांगले कळलं नाही. औषधवाला गल्ल्यामागे जाऊन फळीवरची खोकी उगाच सरळ करू लागला.

“थांब. तू आधी जेव काहीतरी. मी आणते,” ती म्हणाली. तेवढ्यात तिच्या पोटाशी बांधलेली मुलगी उठली आणि भुकेने ओरडायला लागली. पिशवीतून बाटली काढायची, पावडर टाकायची, हलवायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा; हातांनी सवयीने सगळं केलं. मुलीने ओढायला सुरुवात केल्यावर तिने मान वर केली. बाई दुकानाच्या पायरीपाशी उभी राहून त्या बाटलीकडे बघत होती, त्यातल्या घट्ट पांढऱ्या दुधाकडे. मग बाईने निपलचं पाकीट कमरेला खोचलं आणि पूल चढून गेली. मागून तिने दोनदा हाक मारली. पोटाशी पिणारं मूल घेऊन पायऱ्या धावत चढता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती बाईसाठी जेवण बनवून घेऊन गेली. तिसरी पायरी रिकामी होती. त्याच्या पुढच्या दिवशीही. पुलाखाली चपला शिवणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं, तर तो दोरा तोडेपर्यंत थांबला.

“पोर पार गळून गेलं होतं. हिरवी शी होत होती त्याला. मी म्हटलं, अगं, दवाखान्यात ने. तर म्हणते, काय पाजलं ते विचारतील. मला ओरडतील.”

“मग नेलं का?”

“ते नाही बघितलं, ताई. पलीकडे उतरली.”

दोन दवाखान्यांचे लहान मुलांचे वॉर्ड ती खाटेखाटेपाशी जाऊन फिरली. घरातला नवा डबा सहा दिवसांऐवजी आठ दिवस गेला, कारण ती दिवसभर बाहेर असायची आणि मुलगी शेजारणीकडे वरणाच्या पाण्यावर राहायची. नवरा म्हणाला, “अगं, तू चांगल्यासाठीच केलंस ना?” औषधवाल्याने एकदा स्वतःहून सांगितलं, “आली तर मी बसवून ठेवतो, ताई. काही बोलणार नाही तिला.” ती आली नाही.

आता मुलीला पोटाशी बांधून ती भेटेल त्याला विचारते. लसीच्या रांगेत, बसथांब्यावर, भाजी घेताना. तुम्हालाही तेच विचारायचं आहे. तुमच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर कुठे पायऱ्या असतील, पूल असेल, औषधाचं दुकान असेल, तर आज उलटं वळून जरा बघाल? ती बाई पाय दुमडून बसते, वाट सोडून. मूल सहा-सात महिन्यांचं, खालच्या ओठावर आडवी चीर. तिला काही समजावून सांगू नका. आधी जेवायला द्या, आणि ती जेवेपर्यंत तिथे थांबा. मग खांद्यावरचं फडकं हळूच बाजूला करा. मूल रडलं तर रडू द्या त्याला, गप्प करू नका. रडलं, एवढं त्या विचारणारीला येऊन सांगा.