धम्मदीपची रोपं पाहिलेला सूक्ष्मदर्शक

मित्रांनो, कोथरूडमधल्या एका घरात, कपड्यांच्या कपाटात ठेवलेला मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यात झाला. कृषी महाविद्यालयात कित्येक वर्षं मी रोगट पानं पाहिली. नवी यंत्रं आल्यावर मला मोडीत काढलं, तेव्हा शर्मिलाताईंनी मला विकत घेतलं. त्या तिथे वनस्पतिरोग शिकवत.

त्यांच्या निवृत्तीनंतर दर रविवारी शेतीचे काही पदवीधर ताईंकडे जमू लागले. कुणी अळिंबी म्हणजे मशरूम पिकवायचं, कुणी रोपं, कुणी भाजीपाला. फी नव्हती, वर्ग नव्हता. चहा व्हायचा आणि अडचणी निघायच्या. माझ्या भिंगातून पाहताना मुलं हरखून जायची. ते माझे सुखाचे दिवस.

धम्मदीप विदर्भातून आलेला. वाघोलीत भाड्याच्या जागेवर त्याने टोमॅटोची रोपवाटिका उभी केली होती. एका रविवारी तो माना टाकलेली रोपं घेऊन आला. ताईंनी देठाचा काप पाण्याच्या थेंबात ठेवला आणि त्यालाच पाहायला सांगितलं.

"काय दिसतंय?"

"देठातून धुरासारखं काहीतरी बाहेर येतंय."

"जिवाणू आहेत. मर रोग."

"ताई, बाकीची हिरवी आहेत. तेवढी गिऱ्हाइकांना देऊन टाकू?"

"हिरव्यांतूनही रोग जाईल. ज्याच्या शेतात जाईल, त्याची माती कित्येक वर्षं टोमॅटोला निकामी होईल."

"आणि माझं काय?"



दुसऱ्या दिवशी ताई स्वतः वाघोलीला गेल्या. दोघांनी मिळून सगळी रोपं उपटून जाळली. परतल्या तेव्हा साडीला धुराचा वास होता. ताईंच्या सांगण्यावरून धम्मदीपने प्रत्येक गिऱ्हाइकाला खरं कारण सांगितलं. त्याने पुन्हा निरोगी रोपं तयार केली, ताईंनी ती माझ्याखाली तपासली. पण "रोगाची नर्सरी" हे नाव चिकटलं ते चिकटलंच. ताईंनी ओळखीच्यांना फोन केले. सगळे म्हणाले, "बघतो, मॅडम." रविवारी येणाऱ्या मुलांनीही रोपं दुसरीकडून घेतली.

रोपवाटिका बंद पडली, तिच्यावरचं सावलीचं शेडनेट उतरलं. धम्मदीप आता एका गोदामात खोकी मोजतो. शेवटचा आला तेव्हा ताईंनी मला पुढे सरकवलं. तो म्हणाला, "नको, ताई. आता पानं बघवत नाहीत."

त्यानंतर ताईंनी रविवार बंद केला. रविवारी येणारी त्यांची विद्यार्थिनी निकिता कारण विचारायला आली, तर म्हणाल्या, "मी त्याला खरं बोलायला लावलं, निकिता. कुणी खरं बोललं की त्याच्याकडेच जायचं असतं, हे तुम्हाला शिकवायचं राहिलं." निकिता मान खाली घालून बसली. तिनेही रोपं दुसरीकडूनच घेतली होती.

मित्रांनो, माझ्या भिंगांवर आता बुरशी चढली आहे. ती पुसली नाहीत तरी चालेल. पण आपलं नुकसान सोसून तुमची माती वाचवणारा कुणी भेटला, तर त्याच्या दारात पहिलं गिऱ्हाईक म्हणून उभे राहा.