वाचल्यानंतर बदललेलं पान

“शोकाकुल, स्वल्पविराम, पत्नी, स्वल्पविराम, दोन मुलगे, स्वल्पविराम, एक मुलगी, पूर्णविराम.”

आप्पांचा तो आवाज चिमीच्या कानात लहानपणापासून घर करून होता. आप्पा वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते. पान छापायला जाण्याआधी ते मोठ्यानं वाचायचे, विरामचिन्हांसकट, संथ, पाळणा हलवावा तशा लयीत. शाळा सुटली की चिमी त्यांच्या टेबलाखाली मूळ कागद घेऊन बसायची आणि आवाजामागून ओळीवर बोट सरकवायची. कितीतरी दिवस तिला वाटायचं, दुःखी माणसं स्वल्पविराम घेत घेतच रडतात.

पान वाचून झालं की आप्पा तळाशी ‘वाचले’ असं लिहायचे. पुढं कॉम्प्युटर आले आणि त्या शब्दाचं बटण झालं. आप्पांनी बटणाचाही मान ठेवला. दाबण्याआधी हात पुसायचे.

अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी निधनाच्या बातमीत भलत्याच बाईंचा फोटो छापून आला. त्या निवृत्त शिक्षिका होत्या आणि ठणठणीत होत्या. त्यांचे जुने विद्यार्थी हार घेऊन गेले, तेव्हा दार त्यांनीच उघडलं. आप्पा एकच वाक्य बोलले, “मी वाचलं तेव्हा फोटो बरोबर होता.” पण पानावर त्यांचं ‘वाचले’ होतं. आठवड्याभरात त्यांनी काम सोडलं. त्यानंतर घरात पेपर यायचा, आप्पा तो वाचायचेही, पण मनातल्या मनात. तो आवाज गेला तो गेलाच.

आता त्याच कचेरीत चिमी नवी यंत्रणा बसवत होती. जुनी यंत्रणा म्हणजे जिन्याखालच्या कपाटातला एक सर्व्हर. त्याच्यावर टेबलफॅन रोखलेला, बटणावर चिकटपट्टी, पट्टीवर ‘हात लावू नये’. एकच बातमी तीनदा लिहावी लागायची, छापील पानासाठी, वेबसाइटसाठी आणि मोबाइलसाठी. तिन्हीकडं चूक मात्र वेगवेगळी व्हायची. आणि अख्खं संपादकीय डेस्क एकाच पासवर्डनं आत शिरायचं. कोणी काहीही बदललं तरी मशीन एवढंच लिहून ठेवायचं : ‘डेस्क’.

जुनी पानं नव्या यंत्रणेत नेताना चिमीला या बदलांची यादी सापडली. ‘वाचले’नंतरही बदललेली तीनशे बारा पानं होती. नवी यंत्रणा ती घ्यायला तयार होती, पण प्रत्येक बदलापुढं कुणाचं तरी नाव हवं होतं. एक चौकट जरी रिकामी राहिली, तरी सगळा गठ्ठा परत यायचा.

संपादकबाई म्हणाल्या, “शनिवारी दुपारी बारापर्यंत. नाही जमलं तर फक्त मजकूर आणि फोटो घे. बदलांचा इतिहास त्या कपाटाबरोबर भंगारात.”

“जमवते,” चिमी म्हणाली.

मग ती यादी घेऊन टेबलाटेबलावर फिरली. लोकांनी कपाळाला हात लावले.

“अगं, नऊ वर्षांपूर्वीचा मथळा मी बदलला की माझ्या भुतानं, कसं सांगू?” क्रीडापानाची ताई करवादली.

“त्यात ‘दणदणीत’ दोनदा आहे.”

“मग मीच. लिही माझं नाव.”

लोक हसत, भांडत, आठवत गेले. कुणी रजेचे दिवस काढून दाखवले, कुणी निवृत्त माणसाला फोन लावून दिला. नावं भरत गेली. शुक्रवारी दुपारी एकच पान उरलं. त्यापुढं लिहिलं होतं : वाचले, पाच वाजून दहा मिनिटं. फोटो बदलला, पाच चाळीस. कोणी? डेस्क.

आप्पांच्या त्या पानाची ही नोंद चिमीनं यादी सापडली त्याच दिवशी पाहिली होती. पाहिली आणि ऊर भरून आला. पण ‘डेस्क’ म्हणजे कोण? टेबलाला का हात असतात? त्या वर्षी संध्याकाळच्या पाळीला तिघं होते. एक परगावी गेला होता, तसं हजेरीपट सांगत होता. दुसरा आता हयात नव्हता. तिसरे होते मुख्य उपसंपादक. सगळ्यांचा मजकूर कापायचे म्हणून त्यांना अख्खी कचेरी कात्रीकाका म्हणायची. टेबलाखालच्या चिमीला गोळ्या द्यायचे ते हेच.

तिनं पानाची प्रत त्यांच्यासमोर ठेवली. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“यापुढं ‘अज्ञात’ लिही आणि मोकळी हो.”

“लिहीन. पण तुम्ही सांगा, ‘मला माहीत नाही’. मग लिहिते.”

“एका चौकटीसाठी तीनशे पानं बुडवशील पोरी?”

“बुडणार नाहीत. उद्या बारा वाजायला अजून बराच वेळ आहे.”

काकांनी प्रत पालथी घातली आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी बातमीवर कात्री चालवायला घेतली.

संध्याकाळी घरी आप्पा खिडकीशी पेपर घेऊन बसले होते. चिमी त्यांच्या पायाशी बसली, तशीच, जशी टेबलाखाली बसायची.

“आप्पा, तुम्ही वाचल्यावर अर्ध्या तासानं पान बदललं होतं. माझ्याकडं बदलाची वेळ आहे, बदलणाऱ्याचं नाव नाही.”

आप्पांनी पेपराची घडी घातली. घडीवर हात फिरवला. बराच वेळ फिरवला.

“मला एवढं पुरे, चिमे.”

“मला नाही पुरत.”

“कुणाला उघडं पाडायचंय तुला?”

“उघडं नाही पाडायचं. पुढच्या माणसाच्या ‘वाचले’मागं कुणी लपू नये, एवढंच. उद्या नव्या यंत्रणेवरचं पहिलं पान वाचायला कोणीतरी हवंय. मोठ्यानं.”

“आवाज राहिला नाही माझा.”

“जेवढा असेल तेवढा घेऊन या.”

शनिवारी अकरा वाजता आप्पा इस्त्रीचा सदरा घालून कचेरीत आले. जिन्यात एकदा थांबले, कपाटातल्या सर्व्हरकडं पाहिलं आणि म्हणाले, “हा अजून पंख्याखालीच का?” लोक हसले आणि जड झालेली हवा जरा हलली.

ते स्क्रीनसमोर बसले. आधी शब्द घशातच फिरले. मग एक सुटला, त्यामागून दुसरा.

“पुलाचे काम पूर्ण, स्वल्पविराम, सोमवारपासून वाहतूक सुरू, पूर्णविराम.”

कीबोर्डांचा खडखडाट एकेक करत थांबला. क्रीडाताईनं फोन उलटा ठेवला. आवाज चिरलेला होता, पण लय तीच होती. चिमी मूळ कागद धरून शेजारी उभी होती आणि तिचं बोट आपोआप ओळीवरून सरकत होतं. तिसऱ्या स्तंभात आप्पा अडले. तारीख शनिवारची होती, मजकुरात रविवार होता. दुरुस्त केलं. शेवटच्या पूर्णविरामाशी त्यांनी रुमाल काढला, हात पुसले आणि ‘वाचले’ दाबलं.

पान बंद झालं. कोपऱ्यात आप्पांचं नाव आणि वेळ उमटली.

“आता मेख बघा,” चिमी सगळ्यांना म्हणाली. “काका, तुम्ही या. या पानावरचा फोटो बदलून दाखवा.”

कात्रीकाका उठले. बारा वाजायला दहा मिनिटं होती. आप्पांनी खुर्ची थोडी सरकवून त्यांना जागा दिली. काकांनी फोटोवर क्लिक केलं. पान उघडलं नाही. त्याऐवजी एक पांढरी चौकट आली : बदल कोण करत आहे?

चौकटीत रेघ उघडझाप करत राहिली. काकांची बोटं कीबोर्डवर होती, पण हलत नव्हती.

“नाव टाका काका,” मागून क्रीडाताई म्हणाली. “स्वतःचं विसरलात की काय?”

कोणी हसलं नाही. आप्पांनी वळून काकांकडं पाहिलं. रागानं नाही. अडलेल्या ओळीकडं पाहतात तसं, पुढचा शब्द येईल म्हणून थांबून.

काकांनी नाव टाइप केलं. एकेक अक्षर. मग हात मांडीवर घेतले.

“आप्पा,” ते म्हणाले, “त्या दिवशी घरून आलेला फोटो फार धूसर होता. मी फोल्डरमध्ये शोधला, एक स्वच्छ मिळाला. त्याच बाई वाटल्या मला. तुम्ही वाचून गेला होतात, तुम्हाला परत कशाला बोलवा, म्हटलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर उभे होतात आणि मी तुमच्या मागं, दोन हातांवर. फोटो मी बदलला होता.”