कोइंबतूरला बंगलोर म्हणताना

प्रकाश सामंत अकरा वर्षं शारजात राहिला आणि ही अकरा वर्षं पुण्यातल्या नातेवाइकांना तो दुबईत राहतो असंच सांगत आला. त्याला खोटं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. पण लग्नाच्या पंगतीत बायकोच्या मामांनी विचारल्यावर 'शारजा' म्हटलं की मामा थेट क्रिकेटवर घसरायचे, शेवटच्या चेंडूवरच्या त्या जुन्या षटकाराचं दुःख काढत बसायचे आणि प्रकाशची नोकरी, त्याचं प्रमोशन, नवी गाडी हे सगळं राहून जायचं. त्यापेक्षा 'दुबई' म्हणून मोकळं होणं बरं. एकदा ही सोय अंगवळणी पडली की माणूस गावांची नावं हवी तशी वापरू लागतो.

म्हणून २००९ च्या वसंतात जे झालं त्याचं आम्हाला तरी फारसं आश्चर्य वाटत नाही.

प्रकाश पंप विकायचा. शारजाच्या औद्योगिक भागात बदरुद्दीनशेठची पंप आणि पाइपांची पेढी होती, तिथे तो सेल्स मॅनेजर होता. दुबईत टोलेजंग इमारतींचे पाये खणले जात होते तोवर खड्ड्यांतलं पाणी उपसायला शेठचे पंप हातोहात खपत. मग मंदी आली. क्रेन जिथल्या तिथे थांबल्या, खड्डे तसेच राहिले आणि त्यांतलं पाणी उपसायची कोणाला घाई उरली नाही. मार्चमध्ये एका सकाळी शेठनं प्रकाशला केबिनमध्ये बोलावलं.

"प्रकाशभाई, यहाँ अभी खलास. दो साल कोई पंप नहीं उठायेगा," शेठ म्हणाले. "कोइंबतूर की फॅक्टरी में मेरा आधा हिस्सा है. वहाँ का एक्सपोर्ट आप सँभालो. पहले जाके देख आओ, पसंद आये तो हाँ बोलो."

त्या महिन्यात आजूबाजूला माणसं पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळत होती. कोणाची नोकरी गेली होती, कोण 'लाँग लीव्ह'वर होतं. अशा वेळी मालक स्वतःहून दुसरी नोकरी हातात ठेवतो म्हणजे प्रकाशचं नशीब थोर. तो तीन दिवस कोइंबतूरला जाऊन आला. अनुपमानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, दारातच विचारलं, "कसं आहे?"

"बरं आहे," प्रकाश म्हणाला आणि बॅग उघडायला आत गेला.

याहून जास्त बोलायची त्याला सोयच राहिली नव्हती. तो परत येईपर्यंत अख्ख्या देशाचं मत फोनवरून घरी येऊन बसलं होतं. पुण्याहून अनुपमाचा भाऊ प्रल्हाद म्हणाला होता, "तिकडे हिंदी बोललात तर तुम्हाला कोणी पाणीसुद्धा विचारणार नाही." प्रकाशच्या आईनं तिथे गहू मिळतो का याची चौकशी केली होती आणि मिळत नसेल तर पाच किलो पाठवण्याची तयारी दाखवली होती. ऑफिसातला दिल्लीचा अकाउंटंट तर नागपूरच्या खाली जे काही आहे ते सगळं मद्रास असं मानणारा. त्यानं प्रकाशला लुंगी नेसायची सवय करून घ्यायला सांगितलं. यांपैकी एकानंही ते गाव पाहिलेलं नव्हतं. ते गाव वाढतंय, तिथे गिरण्या आहेत, कारखाने आहेत, कॉलेजं आहेत, याचा त्यांच्या मताशी काडीचा संबंध नव्हता.

पुढच्या शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, लॅन्सीकडे नाश्ता होता. लॅन्सी वसईचा, एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला, आणि शारजातला प्रकाशचा सगळ्यात जुना मित्र. त्याच्या बायकोनं, इसाबेलनं, ऑम्लेट वाढता वाढता विचारलं, "मग, कुठे ट्रान्स्फर?"

"साउथला," प्रकाश म्हणाला.

"साउथला म्हणजे कुठे?" लॅन्सीनं विचारलं.

आणि प्रकाशच्या तोंडून निघून गेलं, "बँगलोर."

लॅन्सीनं उठून त्याच्या पाठीवर थाप मारली. "बँगलोर! अरे हबीबी, मग रडतोस काय? हवा मस्त, पब मस्त, आयटी, सगळं. आपण तर सुट्टीला तुझ्याकडेच येणार."

वेळ तर मारून नेली. पण खोट्याला खायला-प्यायला फार लागतं. आठवडाभरात बंगलोरला राहणाऱ्या इसाबेलच्या भावाची, नेल्सनची ईमेल आली. इंदिरानगरात तीन फ्लॅट त्यानं स्वतः जाऊन पाहिले होते आणि कोणत्याचं किचन मोठं, कोणत्यात उजेड जास्त, हे सविस्तर लिहिलं होतं. बिल्डिंगमधल्या एका बाईंनी शाळांची यादी आणून दिली. प्रकाश प्रत्येकाचे आभार मानत होता आणि प्रत्येक आभारागणिक जास्त रुतत होता.

अनुपमा त्या नाश्त्याच्या टेबलावर एक शब्द बोलली नव्हती. गाडीत बसल्यावर बोलली.

"बँगलोर?"

"अगं, जवळच आहे ते."

"किती जवळ?"

"साडेतीनशे किलोमीटर असेल."

मागच्या सीटवर मैथिलीनं, त्यांच्या बारा वर्षांच्या मुलीनं, कानातले इअरफोन काढले आणि काहीतरी गंभीर चाललंय हे बघून पुन्हा घातले. सिग्नल लाल होता. अनुपमा समोर बघत म्हणाली, "तुला त्या गावाचं नाव घ्यायची लाज वाटते, आणि मला तिथे संसार मांडायला सांगतोस?"

सिग्नल हिरवा झाला तरी प्रकाश थांबूनच होता, मागच्यानं हॉर्न मारला.

दुसऱ्या दिवशी तिनं निर्णय सांगितला. ती आणि मैथिली पुण्याला प्रल्हाददादाकडे राहतील, मैथिलीची शाळा तिथेच होईल. प्रकाशनं कोइंबतूरला जावं, दोन महिन्यांतून एकदा यावं. तिनं हे भाजीची यादी सांगावी इतक्या शांतपणे सांगितलं. ती भांडली असती तर प्रकाशला हायसं वाटलं असतं.

शारजातली पहिली चार वर्षं त्यानं एका खोलीत पाच जणांबरोबर काढली होती, कारण फॅमिली व्हिसा नव्हता. मैथिली चालायला लागली ते त्याला फोनवर कळलं. तिचा पहिला शब्द त्यानं टेलिफोन बूथमधून ऐकला, आणि तोसुद्धा 'मामा' होता. तीच तऱ्हा आता पुन्हा, आणि तीही मैथिली बारा वर्षांची असताना, म्हणजे ती सोळा वर्षांची होईपर्यंत त्याला दोन महिन्यांतून एकदाच दिसणार. पण अनुपमाला 'चल' म्हणायचं तर आधी त्या गावाचं नाव चारचौघांत घ्यायला हवं होतं, आणि तिथेच त्याची जीभ अडत होती.

एप्रिलअखेर शारजाबाहेर वाळवंटातल्या धैदच्या एका शेतावर पंप दुरुस्तीला जायचं होतं. पेढीचा पिकअप हमदुल्ला चालवायचा. पेशावरकडचा, उंचापुरा, नऊ वर्षं शेठचे खोके उतरवत आलेला. रस्त्यात त्यानं विचारलं, "साब, सुना आप जा रहे हो. किधर?"

"बँगलोर," प्रकाश सवयीनं म्हणाला.

"ये किधर है?" हमदुल्लानं विचारलं. "मैं तो हिंदुस्तान का तीन ही शहर जानता हूँ. दिल्ली, बंबई, और कोइंबतूर."

प्रकाशनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"पंप की प्लेट पे लिखा रहता है ना साब. नौ साल से पढ़ रहा हूँ. इधर बद्दू अरब की बाड़ी में रेत, खारा पानी, तो भी चलता है. जो आदमी ऐसा पंप बनाता है, वो आदमी भी ठीक ही होगा."

प्रकाश हसला, आणि मग त्याला हसता येईना. सगळ्या लोकांत त्या गावाबद्दल बरं बोलणारा हा एकटा निघाला, कारण त्यानं त्या गावाची वस्तू हातात घेऊन पाहिली होती. आणि आपण अकरा वर्षं तेच पंप विकले, त्या गावात तीन दिवस राहून आलो, आणि त्याचं नाव गिळून बसलो. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. ती लाज पुरेशी नव्हती, हेही सांगायला हवं, कारण त्यानंतर चार शुक्रवार गेले आणि लॅन्सीच्या टेबलावर बंगलोरचीच हवा चालू राहिली.

मे महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी सकाळी सामान बांधायला घेतलं. कार्गोच्या दुकानातला खैरुद्दीन कार्टन, टेप, दोऱ्या आणि एक जाडजूड काळा मार्कर घेऊन आला. लॅन्सी आणि इसाबेल मदतीला आले होते, कारण आखातात कोणी कायमचं निघालं की सामान बांधायला मित्र येतात, अशी पद्धत आहे. अनुपमानं हॉलमध्ये दोन ढीग केले होते. पहिल्या ढिगाचे सात कार्टन भरून झाले, तसा खैरुद्दीननं प्रत्येकाच्या चारही बाजूंवर मोठ्या अक्षरांत अनुपमाचं नाव आणि पुण्याचा पत्ता लिहिला.

"पुणे कशाला?" लॅन्सीनं विचारलं.

"आम्ही दोघी पुण्याला राहणार," अनुपमा म्हणाली. इसाबेलनं तिच्याकडे पाहिलं आणि पुढचं कार्टन उघडलं.

खैरुद्दीन दुसऱ्या ढिगाकडे वळला. "साब, आपका सिटी?"

"बँगलोर लिखो, भाई," लॅन्सीनंच उत्साहानं सांगितलं. "इंदिरानगर."

खैरुद्दीननं मार्करचं टोपण दातानं काढलं. प्रकाशनं अनुपमाकडे पाहिलं. ती टेपचं टोक शोधत होती, निदान तसं दाखवत होती.

"रुको," प्रकाश म्हणाला. "कोइंबतूर लिखो."

"म्हणजे?" लॅन्सी म्हणाला. "ते कुठे आलं?"

"तामिळनाडूत. मी तिथेच चाललोय, पहिल्यापासून. तुम्हाला खोटं सांगितलं. नेल्सनला मी स्वतः लिहितो, त्याला फार त्रास दिला."

"पण का, अरे?"

"तू नाक मुरडलं असतंस."

लॅन्सी सरळ माणूस. त्यानं क्षणभर विचार केला. "हां, मुरडलं असतं," तो म्हणाला.

इसाबेल हसली. तिच्या हसण्यानं प्रकाशला धीर आला की एकदाचं नाव घेतल्यामुळे तोंड उघडलं, कोण जाणे, पण तो कार्टनवर बसला आणि बोलत सुटला. त्या फॅक्टरीत एक बाई आहेत, पंप टेस्ट करतात, त्या चालू पंपावर नुसता तळहात ठेवतात आणि कुठलं बेअरिंग घट्ट बसलंय ते सांगतात. "मी अकरा वर्षं कॅटलॉग पाठ करून पंप विकले. पंप ओततात कसा ते आयुष्यात पहिल्यांदा तिथे पाहिलं. तीन दिवस मी शाळेतल्या पोरासारखा हिंडत होतो. शेठनं उद्या खरंच बँगलोर देऊ केलं, तरी मी जाणार नाही." मग तो अनुपमाकडे वळला. "आणि तिथे एक घर पाहिलं. मागच्या खोलीच्या खिडकीतून डोंगर दिसतात. ती मैथिलीची, असं मी तिथे उभ्या उभ्याच ठरवून आलो."

अनुपमानं टेप खाली ठेवली.

"हे मला का नाही सांगितलंस?"

"तू हसली असतीस तर?"

"हसलेही असते कदाचित. पण तू सांगायचंस तरी."

मैथिली दारात उभी होती. "Is it a big room?" तिनं विचारलं.

"इथल्यापेक्षा मोठी," प्रकाश म्हणाला.

"Can I paint it?"

"तू आलीस तर. तुझ्याशिवाय मी कशाला रंगवू?"

अनुपमानं त्या सात कार्टनपैकी एकावरच्या पुण्याच्या पत्त्यावर बोट ठेवलं. मग ती खैरुद्दीनला म्हणाली, "भाई, ये पूना काट दो. सब एक जगह जायेगा."

खैरुद्दीनचा चेहरा उतरला. "मॅडम, काटा हुआ पेटी कस्टमवाला जरूर खोलेगा. नया कार्टन लाना पड़ेगा. और अभी जुम्मे का टाइम हो गया."

"तो नमाज़ के बाद लाओ. हम लोग बैठे हैं."

तो पुटपुटत खाली गेला. लॅन्सी चहा करायला म्हणून किचनमध्ये सटकला आणि इसाबेल त्याच्या मागोमाग गेली.

"एक वर्ष," अनुपमा म्हणाली. "मैथिलीला तिथे जमलं नाही तर मी तुझं काहीएक ऐकणार नाही."

"कबूल," प्रकाश म्हणाला. "पण तुला त्या गावाची भीती वाटते ना?"

"मला गावाची भीती कधीच नव्हती रे. तिथे नेऊन तू आम्हालाही असंच लपवून ठेवशील, त्याची होती."

प्रकाश उठला, पहिल्या कार्टनची टेप फाडली आणि तिच्याबरोबर सामान बाहेर काढू लागला.