पहिली वीट

"हळू रे, कड फुटली तर तिकडे बसायची नाही," म्हणत काशीरामने भट्टीची वीट सोबतचा कामगार लवू याच्या हातातून स्वतःच घेतली. नव्या इमारतीत जिथली तिथे लागावी म्हणून प्रत्येक विटेवर त्याने खडूने खूण केली होती.

मुलुंडच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात पोरांना धातूचं ओतकाम शिकवण्यात काशीरामची उभी हयात गेली. आताचे विभागप्रमुख अंबादास सरसुद्धा त्याच्याच हाताखाली ओतायला शिकलेले. ते त्र्याऐंशी साली अमेरिकेहून परतले ते डोक्यात नवंच खूळ घेऊन. तिकडे म्हणे धातू वेगळा, काच वेगळी, प्लास्टिक वेगळं असं आता कोणी शिकवत नाही. सगळ्यांचा मिळून एकच विषय, मटेरियल्स सायन्स. इंग्लंडात तेच, जर्मनीत जरा कुरकुरत, पण तेच. मग आपण का मागे राहायचं? झालं, धातुशास्त्राची पाटी उतरवायचं ठरलं.

कामगार बिथरले. भट्टी गेली की आपणही गेलो, हे न कळायला ते काही दूधखुळे नव्हते. तिला कोणी हात लावायचा नाही, असं त्यांनी आपसात पक्कं केलं. तेव्हा सर काशीरामच्या खोलीवर आले, त्याच्या बायकोच्या, रुक्मिणीच्या हातचा चहा प्यायले आणि म्हणाले, नव्या इमारतीत सगळ्यात आधी भट्टी जाईल, माझा शब्द. माणूस विरघळला हो! त्याने एकेकाला गाठून समजावलं. लवू तेवढा अडून बसला.

"तुजो इस्वास आसा मा? मगे खोल," तो शेवटी म्हणाला. "पण पयली वीट तू काढ."

काशीरामने काढली.

पुढच्याच आठवड्यात खंडेनवमी आली, हत्यारांच्या पूजेचा दिवस. काशीराम आंघोळ करून, झेंडूची माळ घेऊन नव्या इमारतीत गेला. तळमजल्यावर गार हवेची खोली, आत परदेशी मायक्रोस्कोप, दाराशी चपला काढायची ताकीद. भट्टीचा पत्ता नाही. शिपायाने सांगितलं, लोखंड भंगारात गेलं, विटा मागच्या खड्ड्यात. काशीराम मागे जाऊन बघून आला. खडूच्या खुणा अजून दिसत होत्या.

परत येऊन त्याने ताकिदीप्रमाणे चपला काढल्या, तेव्हा सर त्या गार खोलीच्या दारातच उभे होते.

"मामा, उन्हाळ्यातच ठरलं होतं. नव्या विभागात भट्टीला जागा नाही."

"मग मला कशाला खोलायला लावलीत?"

"तुम्ही हात लावल्याशिवाय बाकीच्यांनी लावू दिला नसता."

दगा झाला होता, आणि तोही काशीरामच्याच हातून करवून घेतलेला. आता लवूला कोणत्या तोंडाने सांगायचं? सर बोलतच होते. तुमची नोकरी कुठे जात नाही, या दाराशी खुर्ची टाकून देतो, बाकीच्यांचं बघू काहीतरी.

मग, गुरू म्हणून दर खंडेनवमीला पडत तसे, सर पाया पडायला वाकले.

काशीरामने पाय मागे घेतले. चपला घातल्या आणि तो लवूच्या घराकडे चालू लागला.