पायाचा आकडा

मी ऑक्सिमीटर बोलतोय. करोनात तुम्ही घरोघरी बोटाला चिमटा लावून आकडा बघत होतात, त्याच जातीचा. फक्त माझ्या वायरीच्या टोकाला चिमट्याऐवजी मऊ पट्टी आहे, तान्ह्या बाळांसाठी. रक्तात प्राणवायू किती, एवढंच मला कळतं. पण कळतं ते मी लपवत नाही. हे शिकलेल्या माणसांबद्दल म्हणता येईलच असं नाही.

नारायणगावजवळच्या एका प्रसूतिगृहात मी आलो तेव्हा मला हार घातला. पाहुण्यांनी माझ्याकडे पाठ करून फोटो काढले. मला चालू कसं करायचं, हे एकट्या वैजयंती सिस्टरनी विचारलं.

गेल्या महिन्यात महाळुंगे पडवळच्या हर्षालीला इथं मुलगा झाला. त्यानं पोटातच शी केली होती, पण जन्मताच रडला आणि सगळे निर्धास्त झाले. आजी झुंबरबाईंनी दृष्ट लागू नये म्हणून त्याच्या दोन्ही तळपायांना काजळ लावलं.

दोन तासांनी बाळाचा श्वास भरभर चालू लागला. सिस्टरनी प्राणवायू लावला, मला उजव्या हाताला गुंडाळलं. पंचाण्णव. मग पायाला. एक्याऐंशी.

डॉक्टर आले, हातातला मोबाइल न ठेवता म्हणाले, "काजळामुळं चुकीचं दाखवतंय. हात बघा ना, पंचाण्णव. बाळ छान आहे."

छान! अहो, गर्भात बाळ श्वास घेत नाही. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, आणि रक्त एका छोट्या आडनळीतून फुप्फुसं टाळून पुढं जातं. जन्मल्यावर त्या वाहिन्या सैल पडायला हव्यात. या बाळाच्या पडल्या नव्हत्या. फुप्फुसातला दाब चढलेलाच होता, म्हणून प्राणवायू न घेतलेलं रक्त त्या नळीतून थेट खालच्या अंगात उतरत होतं. उजव्या हाताची वाट नळीच्या अलीकडे फुटते, म्हणून हात गुलाबी. पाय पलीकडचा. हाता-पायातला फरक हीच तर धोक्याची खूण, आणि साहेब तिचा दोष काजळाला देत होते.

झुंबरबाईंनी तेल लावून काजळ पुसलं. ऐंशी.

"आता तेलामुळं," डॉक्टर म्हणाले.

तेल पुसलं. पुन्हा ऐंशी.

"मशीन जुनं झालंय."

म्हातारी उसळली. "काजळ पुसलं, तेल पुसलं. आता पोराचा पायच कापून ठिवू का? मशीन खोटं आसंल तर तुमच्या पायाला लावा की, डाक्टर!"

"आजी, इथं शिकलेलं कोण आहे?"

"तुमीच हाय की. म्हून तर म्हनते, पाय दावा!"

वैजयंती सिस्टर हसल्या नाहीत. खाली वाकून शांतपणे म्हणाल्या, "सर, मोजा काढता?"

दारात बायका जमल्या होत्या. साहेबांना मोजा काढावाच लागला. मी त्यांच्या अंगठ्याला बसलो. अठ्ठ्याण्णव. तिथून परत बाळाच्या पायाला. अठ्ठ्याहत्तर.

तेव्हा कुठं मोबाइल रुग्णवाहिकेसाठी वापरला गेला. या शहाणपणात पन्नास मिनिटं गेली होती, आणि ती बाळाची होती, साहेबांची नव्हती. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यासाठीच्या चिठ्ठीवर त्यांनी हाताचा आकडा लिहिला, फक्त हाताचा. सिस्टरनी खाली पायाचा लिहिला आणि त्याभोवती गोल काढला. गाडी सुटली तेव्हा झुंबरबाई बाळाची पावलं हातात धरून बसल्या होत्या.

चौथ्या दिवशी बाळाच्या आजोबांचा, हौशीरामांचा, फोन आला. "शिस्टर, तोंडात नळी हाय आजून. पण पाय नव्वदला आला. वाचंल म्हनत्यात."

सिस्टर भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. डॉक्टर मात्र दुपारपर्यंत सगळ्यांना सांगत सुटले होते, "मी वेळीच ओळखलं म्हणून!"

माझी पट्टी आता चिरली आहे. लवकरच नवं यंत्र येईल, त्यालाही हार घालाल, फोटो काढाल. काढा. मला भंगारात टाका, माझी तक्रार नाही. पण त्या नव्याला बाळाच्या उजव्या हाताला लावाल, तेव्हा पायालाही लावा. आणि पायानं नको तो आकडा सांगितला, तर पायावर रागावू नका. गाडी बोलवा.