कॉलरचा कागदी नमुना

दवाखान्यातून परतलेल्या शिंप्याला दुकानात काही केल्या चैन पडेना. दावा उशिरा आला म्हणून विमा कंपनीने हात वर केले होते, आणि बायकोच्या ऑपरेशनचं सगळं बिल त्याच्या डोक्यावर आलं होतं. "डिस्चार्जच्या वेळी विम्याचा फॉर्म तुमच्याच हातात दिला होता, तो सही होऊन परत आलाच नाही," असं बिलाच्या खिडकीतली मुलगी म्हणाली, तेव्हा त्याचा पारा चढला. "धादांत खोटं!" असं ओरडून त्याने तिच्याविरुद्ध तक्रारच लिहून दिली. चार वाजता दवाखान्याचे साहेब तिला जाब विचारणार होते. चूक तिची ठरली तर तिची नोकरी जाणार होती आणि बिल दवाखाना सोसणार होता.

"चांगली अद्दल घडेल," असं पुटपुटत त्याने शर्ट कापायला घेतला. खिळ्यावरचा कॉलरचा नमुना काढून कापडावर ठेवला. जाड कागद दिसला की त्याचा नमुना कापायचा, ही त्याची जुनी खोड. नजर फक्त कडांवर. कागदावर काय लिहिलंय ते तो कधी वाचत नसे.

शेजारी काजं करत बसलेली बायको वाकून बघू लागली. "अहो, यावर माझं नाव कसं?"

नावाखाली दवाखान्याचा शिक्का होता आणि सहीची जागा कोरी. त्याची कात्री थबकली. "महिनाभर याच्यावरच कॉलरी कापतोय मी," तो कसाबसा म्हणाला.

साडेतीन वाजले होते. बायकोने सुई कापडात टोचली आणि चपला पायात सरकवल्या.

"अगं, पण कबूल केलं तर बिल आपल्याच गळ्यात पडेल!"

"ते आपलंच आहे," ती म्हणाली. "नोकरी तिची आहे. चला."