नसलेल्या तुळईखाली

छोटी जेट विमानं बनवणाऱ्या त्या कारखान्यात एका तुळईचा दरारा मोठ्या साहेबांपेक्षा जास्त होता. विमान बुटकं, त्यामुळे पंखांखाली इंजिनं टांगायला जागा नव्हती. ती शेपटीजवळ, दोन्ही अंगांना बसवलेली. त्यांचं वजन पेलणारी तुळई केबिनच्या मागच्या भागातून आडवी जायची आणि तिच्या पलीकडे होतं टॉयलेट. म्हणजे प्रवासी कितीही बडा असो, तिकडे जायचं तर मान लववूनच.

ही तुळई बाईंची. निवृत्त होईपर्यंत विमानाच्या सांगाड्याचं सगळं काम बाईंच्या हाताखाली चाले. पुढे त्याच विभागात त्यांची सून लागली, आणि पहिल्या दिवसापासून अख्खा कारखाना तिला सूनबाई म्हणू लागला. बिचारीला स्वतःचं नाव फक्त पगाराच्या दिवशी दिसायचं.

आणि नेमकी हीच सूनबाई आता ती तुळई काढायला निघाली होती. नव्या विमानात इंजिनं पंखांच्या वर, आखूड खांबांवर बसवायची. मग मागे तुळई नको, केबिन मोकळी. शिवाय हवा पंखाला वर उचलते तेव्हा इंजिनाचं वजन त्याला खाली दाबतं, म्हणजे पंखाच्या मुळावरचा ताणही हलका. कागदावर सगळं झकास होतं. पण मोठे साहेब म्हणाले, "बाई येऊन बघू देत. त्या हो म्हणाल्या तरच पुढे जाऊ."

सूनबाईची पंचाईत झाली. कारण घरी तिने यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. रोज संध्याकाळी सासूबाई विचारायच्या, "काय चाललंय गं ऑफिसात?" आणि ही म्हणायची, "नेहमीचंच, आई." नवरा तर मजा बघत होता. म्हणायचा, "पोरगा पळवलास तेव्हा आई काही बोलली नाही. तुळईचं मात्र सांगता येत नाही हं!"

तो दिवस उजाडला. शेडमध्ये नमुन्यासाठी बनवलेली प्लायवूडची अख्खी केबिन उभी होती. सुतारांनी सकाळीच तिच्यातली जुनी तुळई काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. बाई आल्या, तुळईकडे एकदा पाहिलं आणि केबिनमध्ये चढल्या. मागोमाग सूनबाई, मग मोठे साहेब, मग दोघे सुतार.

बाई मागे निघाल्या. जिथे तुळई असायची तिथे पोचल्या आणि त्यांनी छान कंबरेतून वाकून, मान खाली घालून ती रिकामी जागा पार केली. पाठोपाठ सूनबाईही वाकली. मोठे साहेब वाकले. सुतारांनी स्वतःच्या हातांनी ती काढली होती, तेही वाकले!

पलीकडे पोचून बाई ताठ झाल्या, वळल्या, आणि एकामागून एक वाकत येणारी वरात बघून त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. डोळे पुसत म्हणाल्या, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते काही खोटं नाही!" मग सगळेच हसले. सूनबाईला हसता हसता रडूच आलं.

पण बाई त्या बाईच. चष्मा नीट करून त्यांनी विचारलं, "पंख फडफडला तर? वर एवढं ओझं ठेवलंयस."

"पहिल्यांदा फडफडला, आई," सूनबाई म्हणाली. "वाऱ्याच्या बोगद्यात मॉडेल असं थरथरलं की चाचणीच थांबवावी लागली. मग खांबाची ताठरता बदलत गेले. आता पूर्ण वेगातही शांत राहतो."

"आकडे दाखव."

तिथेच प्लायवूडच्या खुर्चीत बसून बाईंनी सगळे आकडे तपासले. शेवटी त्या साहेबांना म्हणाल्या, "बांधा हे विमान." आणि सुनेकडे वळून, "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवत होतीस गं?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाटलंच की! दारातून आत आले आणि तिला भिंतीशी बघितलं तेव्हा वाटलं." बाई उठल्या. "पण पहिल्या विमानात सगळ्यात आधी टेंगूळ मलाच आलं होतं. माझ्याच तुळईचं. तेव्हापासून म्हणत होते, कोणीतरी हिला इथून हलवायला हवं. घरातलंच माणूस निघालं, याचा मला आनंद झालाय."

मग सूनबाईच्या खांद्यावर हात ठेवून बाई परत पुढे निघाल्या. त्या जागेशी येताच दोघींची पावलं अडखळली. माना झुकू लागल्या होत्या. बाईंनी सुनेच्या हनुवटीला बोट लावून ती वर केली.

"ताठ चाल," त्या म्हणाल्या. "जागा तू केलीयस."